लिंबराज मिस्त्रींचं चिलट

लिंबराज मिस्त्री आजारी माणसाला भेटायला गेले, की तब्येत विचारायच्या आधी गोळ्यांची रिकामी पाकिटं मागतात.

मागायची रीत मात्र अदबीची. खुर्चीवर टेकतील, दिलेलं पाणी पितील, उशापाशी ठेवलेल्या औषधांवरून एकदा नजर फिरवतील आणि हळूच म्हणतील, "ह्यातली संपलेली पाकिटं टाकू नका. मी घेऊन जातो." त्यांना पाकिटामागची चांदी हवी असते. रक्तदाबाच्या गोळीची चांदी पातळ, पित्ताच्या गोळीची जाड, आणि कॅल्शियमच्या गोळीची कशाच्याच उपयोगाची नाही, हे ज्ञान त्यांनी आमच्या गल्लीतल्या आजारपणांवरच मिळवलंय. समोरच्या देशमुख मावशींचा रक्तदाब उतरला आणि डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलली, तेव्हा मिस्त्रींनी "चांगलं झालं" असं म्हटलं खरं, पण चेहरा पडलेला होता. नवीन गोळी बाटलीतून येत होती.

ही चांदी विमानासाठी लागते. पायलटच्या खांद्यावरून जाणारे पट्टे त्याच चांदीचे करावे लागतात, दुसऱ्या कशाचेही केले तर ते पट्टे वाटत नाहीत, दोरी वाटते, असं त्यांचं म्हणणं.

मी कळंबला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला आलो आणि मिस्त्रींच्या शेजारचं घर मला भाड्यानं मिळालं. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पांढरा पायजमा, खिशाला चिमटा अडकवलेला सदरा आणि कपाळावर भिंग चढवलेला एक उंच म्हातारा समोर उभा. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "चोवीस."

मला वाटलं, माझं वय ओळखायला चुकतायत. मी छत्तीसचा होतो.

"चोवीस मिलिमीटर," त्यांनी खुलासा केला. "बहात्तरनं भागलं की तुमी चोवीस भरता. बसाल आत. पण मान थोडी वाकवावी लागंल."

माणूस वेडा असावा असं समजून मी त्यांना चहा दिला. चहा पिताना त्यांनी माझ्या दाढीची जुनी ब्लेडं फेकू नका म्हणून सांगितलं आणि जाताना टेबलावरचं संपलेलं बॉलपेन उचलून नेलं. मागून समजलं, की रिफिलची नळी त्यांना विमानाच्या शेपटीकडच्या भोकात बसवायची होती.

त्यांचं विमान म्हणजे प्लास्टिकचे सुटे तुकडे जोडून करायचं छोटं लढाऊ विमान. खऱ्याच्या एक बहात्तरांश. म्हणून मिस्त्री दिसेल त्याला बहात्तरनं भागतात. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो, त्या एकवीस मिलिमीटर. एकदा मिस्त्री कुठल्याशा दाखल्यासाठी गेले तेव्हा एका अधिकाऱ्यानं त्यांना तासभर दारात ताटकळत ठेवलं आणि वर सुनावलं. मिस्त्री शांतपणे परत आले आणि मला म्हणाले, "आवाज लई मोठा हाय, सर. माणूस अडीच सेंटीमीटरचा."

विमान दाखवायला त्यांनी मला घरात नेलं तेव्हा मी कपाटाएवढी काहीतरी वस्तू बघायची तयारी करून गेलो होतो. त्यांनी जेवणाचा स्टीलचा डबा उघडला. आत कापूस, आणि कापसावर वीतभरही नाही असं एक चंदेरी विमान. "नॅट," ते म्हणाले. "म्हंजे चिलट. खरं विमान पण एवढुसंच होतं, बाकीच्यांच्या मानानं. म्हणून तसं नाव." नंतर गल्लीत सगळे त्याला चिलटच म्हणतात हे कळलं. "मिस्त्री आहेत का?" असं विचारलं, की काकू आतून सांगतात, "चिलटापाशी बसलेत."

तुकड्यांचा खोका फार जुना. खोक्याचा पुठ्ठा पिवळा पडलेला, आतला सूचनांचा कागद घडीवर फाटलेला. आणि मिस्त्रींच्या मते त्या खोक्यात एकही गोष्ट मापात नव्हती. मुळात ते शिकाऊ वैमानिकांचं, दोन बैठकांचं विमान होतं. मिस्त्रींना हवं होतं एका बैठकीचं, लढाईतलं. म्हणून त्यांनी नाक कापलं, पंख कापले, मागची बैठक काढून टाकली आणि तिथं गॅरेजातली पुट्टी भरून नवी पाठ घडवली. खऱ्या विमानाचा पत्रा गुळगुळीत, आणि ह्याच्या अंगावर मात्र घामोळ्या आल्यासारखे खिळ्यांचे ठिपके. ते सगळे त्यांनी पॉलिशपेपरनं घासून काढले आणि सुईच्या टोकानं पत्र्याचे सांधे नव्यानं कोरले. वरची काच पिवळी पडली होती, तर पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक तापवून लाकडी साच्यावर ओढलं आणि नवी काच केली. तोफांच्या नळ्या इंजेक्शनच्या सुयांच्या. त्या मागायला गेले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बसवून घेऊन आयुष्यात काही दुःख आहे का म्हणून विचारलं होतं.

मिस्त्रींची सारी नोकरी एसटीच्या डेपोत गेली. मेकॅनिक म्हणून लागले, हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. अजूनही गाडीत बसले की डोळे मिटून गिअरबॉक्स ऐकतात आणि उतरताना ड्रायव्हरला काय ते सांगतात. ड्रायव्हरही मान डोलावतात. "मापात न्हाय" हा त्यांचा शेरा सगळ्याला लागू. काकूंच्या भाकरीच्या कडा मापात नाहीत. पुढाऱ्याचं भाषण मापात नाही. माझी मिशी उजवीकडे मापात नाही, आणि हे मला त्यांनी माझ्या सासऱ्यांसमोर सांगितलं.

काकूंनी हे सगळं कसं सोसलं, तर शहाणपणानं. त्यांच्या घरात एप्रिल महिन्यातही पंखा लावायचा नाही, कारण तुकडे उडतात. काकू पदरानं वारा घेत दारात बसतात. त्यांची नखं रंगवायची बाटली, त्यांच्या सुया, त्यांच्या पापडाच्या लाटण्याचं एक टोक, सगळं चिलटाच्या कामी गेलंय. पण एकदा पुढच्या चाकाचा तुकडा, मुगाच्या दाण्याएवढा, चिमट्यातून निसटला आणि उडाला. काकू तिथंच तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मिस्त्रींनी सगळी डाळ चादरीवर ओतली, भिंग डोळ्याला लावलं आणि दाणा दाणा बाजूला करत दुपारपर्यंत चाक शोधून काढलं. डाळीत एक खडा राहिला नाही. तेव्हापासून महिन्याचं धान्य घरात आलं, की काकू गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "अहो, तुमचं कायतरी ह्यात पडल्यावानी वाटलं." मिस्त्री भिंग घेऊन बसतात. हे गुपित काकूंनी मला सांगितलं ते माझ्या बायकोला सांगू नका ह्या अटीवर, कारण मग गल्लीभर होईल.

मला मात्र एका गोष्टीचं कोडं पडलं होतं. विमान पुरं होत नव्हतं.

म्हणजे ते पुरं झालेलं मी चार वेळा माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शुक्रवारी संध्याकाळी बघावं तर चाकांवर उभं, अंगावर चंदेरी रंग, शेपटीवर बारीक तिरंगी पट्टी, बघतच राहावं असं. आणि रविवारी सकाळी जावं तर एक चाक निघालेलं, पोटावरचा रंग खरवडलेला, आणि मिस्त्री पुन्हा पॉलिशपेपर घेऊन बसलेले. "बारीक सुधारणा हाय," एवढंच सांगायचे. मधल्या शनिवारी ते घरी नसायचे. वाशीला, म्हणजे शेजारच्या तालुक्याच्या गावाला जातात, एवढं ठाऊक होतं. काही सामान आणत असतील असं मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन ठरलं. प्रमुख पाहुणे म्हणून हवाई दलातले एक निवृत्त अधिकारी येणार होते. मी मराठीचा माणूस, विज्ञानात मला कोण विचारतो; पण त्या बैठकीत मी उठून उभा राहिलो आणि सांगितलं, की माझ्या शेजारी एक माणूस आहे, त्याचं काम पाहून पाहुणे खुर्चीतून उठतील. प्राचार्यांनी ते पत्रिकेत छापलं.

मिस्त्रींना सांगितलं तर त्यांनी वार विचारला. शनिवार, म्हटलं. "शनिवारी मला जमत न्हाय," ते म्हणाले आणि भिंग खाली ओढलं. मला वाटलं, आढेवेढे घेतायत. कलावंत माणूस, थोडं मनवावं लागतं. मी पुन्हा गेलो, तिसऱ्यांदा गेलो. मग काकूंना गाठलं. काकू म्हणाल्या, "बाकी कायबी इचारा, सर. शनिवारचं इचारू नका." मी तेही मनावर घेतलं नाही. ऐन वेळी येतील, एवढा मान कोण सोडतो, अशी माझी खात्री.

शनिवारी हॉलच्या मधोमध टेबल मांडलं. पांढरा कपडा, वर मिस्त्रींच्या नावाची छापील पाटी. मी दुचाकीवरून त्यांच्या घरी गेलो तर काकू एकट्याच. सकाळी सातच्या गाडीनं गेले म्हणाल्या. डबा? डबा पण नेला. परत आलो तोवर पाहुणे आले होते. चहाच्या वेळीच कुणीतरी त्यांना विमानाचं सांगितलं होतं, त्यामुळे ते बाकी सगळी टेबलं ओलांडून थेट तिथं आले. उंच, ताठ माणूस. त्यांनी पाटी वाचली. मग वाकून रिकाम्या कपड्याकडे नीट बघितलं, वस्तू फार लहान असेल म्हणून. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कलाकार वाटेत आहेत.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये प्राचार्यांनी सगळ्यांसमोर मला सांगितलं, की मराठीच्या माणसानं विमानाच्या फंदात पडू नये. लोक हसले. मीही हसलो.

रविवारी सकाळी मी भांडायलाच गेलो. मिस्त्री नेहमीच्या जागी बसलेले, चिलटाच्या पोटाखालचं, चाक झाकणारं एक दार निघालेलं. मी बसलो नाही. उभ्यानंच बोललो. माझी किती फजिती झाली, पाहुणे कसे वाकून बघत होते, सगळं. ते ऐकत होते. पण हातातला पॉलिशपेपर थांबला नव्हता, त्यानं मला आणखी चेव आला आणि मी जे बोलायचं नव्हतं ते बोललो.

"तुम्हाला ते पुरं करायचंच नाही, मिस्त्री. पुरं झालं तर तुम्हाला विचारणार कोण?"

त्यांनी पॉलिशपेपर खाली ठेवला. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "एकदा घेऊन जावा की त्यांना."

मिस्त्रींनी भिंग काढून सदऱ्याला पुसलं. म्हणाले, "येत्या शनिवारी सातला स्टँडवर या. चप्पल नको. बूट घाला. पालिश करून."

मी बुटांना पॉलिश करून गेलो. मिस्त्री खाकी पँट आणि इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. त्यांना पायजम्याशिवाय मी पहिल्यांदाच बघत होतो. डबा त्यांनी वर ठेवला नाही, मांडीवर घेतला. दर गतिरोधकाला ते सीटवरून चार बोटं वर उचलले जायचे, म्हणजे स्वतःच उठायचे, धक्का डब्याला बसू नये म्हणून. थोड्या वेळानं मीही उठायला लागलो. कंडक्टरला ह्यात नवल वाटल्याचं दिसलं नाही.

वाशीच्या स्टँडवर उतरल्यावर ते बाकावर बसले, डबा उघडला, आणि चिलटाचं पुढचं चाक नखानं ढकलून वाकडं केलं. मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

"तुम्ही वाकडं केलंत ते."

"व्हय," ते म्हणाले. "पहिलं बारीक चूक पण दिसायची त्यांना. आता मोठी लागती."

कुणाला, म्हणून मी विचारलं. त्यांनी डबा मिटला आणि म्हणाले, चला.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक बैठं घर. घर त्यांच्या पुतण्याचं, त्याचं खताचं दुकान आहे. तो दुकानाला निघालाच होता. त्यानं मला दारातच, हलक्या आवाजात थोडक्यात सांगितलं. त्याचे वडील म्हणजे मिस्त्रींचे थोरले भाऊ, भानुदास अण्णा. हवाई दलात वीस वर्षं होते, विमानांची दुरुस्ती करायचे. चार वर्षांपासून विसरत चाललेत. आधी रस्ते विसरले, मग नावं. बायको गेली ते विसरले. आता मुलाला ओळखत नाहीत, भावालाही नाही. आठवडाभर बोलत नाहीत. "काकांनी ते विमान एकदा सहज दाखवायला आणलं," तो म्हणाला, "आन् अण्णा बोलले."

पडवीत खुर्चीवर एक वाळलेले गृहस्थ बसले होते. गुळगुळीत दाढी केलेली, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. सूनबाईंनी त्यांच्या हातात चहाची बशी दिली होती आणि ती थरथरत होती, म्हणून खालून सूनबाईंनीही हात लावला होता. मिस्त्री उंबऱ्याशी थांबले. टाचा जुळवल्या. असे ताठ उभे राहिले, की ते दोन मिलिमीटरनी वाढल्यासारखे वाटले.

"गुड मॉर्निंग, सार्जंट साहेब."

अण्णांनी मान वर केली. आधी त्यांनी आमचे बूट बघितले, त्यांचे आणि माझेही. मग म्हणाले, "उशीर केलास. आण."

बशी सूनबाईंनी काढून घेतली. मिस्त्रींनी डबा उघडून विमान त्यांच्या हातात दिलं आणि मी बघत राहिलो, कारण हात थरथरायचे थांबले. त्यांनी विमान उजेडाकडे धरलं, उलटं केलं, पोटावरून अंगठा फिरवला. एकेक दार नखानं हलवून बघितलं. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, स्वतःशीच चाललेलं बोलणं. मग पुढच्या चाकाशी येऊन थांबले.

"हे काय आहे?"

"चूक झाली, साहेब."

"चाक वाकडं. असं उतरलं तर पोरगा मरंल आतला." आवाज चढला नाही, पण त्या आवाजापुढं मलाही उभं राहावंसं वाटलं. "लिही."

मिस्त्रींनी खिशातून लांबट वही काढली. डेपोत असते तशी, तीन रकान्यांची; बिघाड, दुरुस्ती, सही. त्यांनी लिहिलं आणि वही पुढं केली. अण्णांनी पेन घेतलं आणि सही केली, सलग, न अडखळता. सूनबाई मला म्हणाल्या, की आता त्यांना एवढंच लिहिता येतं.

मी वही मागून घेतली आणि चाळली. शनिवारमागून शनिवार. सुरुवातीची पानं बारीक, खऱ्या चुकांची होती. दाराची बिजागरी उलटी. शेपटीखालचा सांधा एक रेघ पुढं. पुढं पुढं त्याच त्या गोष्टी येऊ लागल्या. काचेमागची दांडी डावीकडं घ्या. मग तीन महिन्यांनी, उजवीकडं घ्या. मग परत डावीकडं. प्रत्येकापुढे मिस्त्रींच्या अक्षरात 'केले' असं लिहिलेलं होतं, आणि त्यापुढं ती सही. माझ्या कॉलेजातल्या शनिवारचंही पान होतं. त्या दिवशी चाकाचं दार बदलायला सांगितलं होतं.

गेल्या रविवारी मी जे बोललो होतो, ते आठवून मी वही परत दिली. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं नाही. ते बरं झालं.

अण्णा अजून विमान हातात घेऊन बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी ते दोन्ही हातांनी मिस्त्रींना परत दिलं.

"घाई करू नको," ते म्हणाले. "पण तयार झालं, की मला आधी सांग."

"सांगतो, साहेब."

"गावाकडं माझा धाकटा भाऊ हाय. लिंब्या. त्याला विमान जवळनं दाखवतो म्हणून म्या शब्द दिलाय. वाट बघत बसला असंल."

सूनबाई आत निघून गेल्या. मिस्त्री विमान कापसावर ठेवत होते, त्यांचा हात तिथंच राहिला. मग त्यांनी विचारलं, "केवढा हाय भाऊ?"

अण्णांनी खुर्चीच्या हातापेक्षा जरा वर आपला तळवा आडवा धरला. "एवढा."

सदुसष्ट वर्षांचे लिंबराज मिस्त्री त्या तळव्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"त्याला कायबी घाई न्हाय, साहेब," ते म्हणाले. "तो थांबतो."